दारावरून पुढे गेलेले प्रोसेशन

मैसुरात इंग्रजी शब्द दोन वाटांनी येत. एक वाट कचेरीतून, दुसरी लष्करातून. कचेरीतून आलेला शब्द कागदावर राही. लष्करातून आलेला शब्द घरात शिरे, स्वयंपाकघरापर्यंत जाई आणि मग त्याला बाहेर काढणे कोणाच्या हाती नसे. 'प्रोसेशन' हा शब्द दोन्ही वाटांनी आला. त्यामुळे त्याचा बंदोबस्त कोणालाच करता आला नाही.

त्यापूर्वी आमचे नीट चालले होते. महाराज निघाले की ती स्वारी. देव निघाला की पालखी. नवरी सासरी निघाली की वरात. मनुष्य मेला की अंत्ययात्रा. शेजारचे कानडी लोक ज्याला मेरवणिगे म्हणत त्यालाच आम्ही मिरवणूक म्हणत होतो, आणि त्यात दोन्हीकडच्या कोणाची गैरसमजूत होत नसे. खिडकीत धावत जाताना चेहरा हसरा ठेवायचा की लांब करायचा, हे शब्दावरूनच कळे. इंग्रजी शब्दाने हा भेद काढून टाकला. हत्तीवरचे महाराज आणि तिरडीवरचा शेजारी, दोघेही प्रोसेशन.

रस्त्याने वाजत-गाजत जायचे तर पोलिसांचा परवाना लागे व त्यावर हाच शब्द असे. म्हणून तो थोरामोठ्यांच्या तोंडी आला. पुढे त्याला काही धरबंध उरला नाही. माझी आई आम्हा भावंडांना एकामागून एक न्हाणीघराकडे जाताना पाहून म्हणे, "निघालं प्रोसेशन." गुळाच्या ढेपेकडे जाणाऱ्या मुंग्या प्रोसेशन होत्या. समोरच्या घरातील नणंद चार मुले आणि दोन ट्रंका घेऊन माहेरी येई, तेव्हा तिची भावजय दारातूनच आमच्या आईला हा शब्द, केवळ ओठांनी, आवाज न करता सांगे. पलीकडच्या गल्लीतील शिंपी मंडळी विठ्ठलाची भक्त होती. त्यांची एकादशीची दिंडी निघे, तिला मात्र हा शब्द त्यांनी लागू दिला नाही. त्यांचे म्हणणे असे की प्रोसेशनमध्ये कोणीतरी एक दिसायचा असतो, आणि दिंडीत कोणी दिसायचा नसतो. मला ही व्याख्या अजूनही योग्य वाटते.

आमच्या लष्कर मोहल्ल्यात मात्र या शब्दाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार माझ्या थोरल्या काकांकडे होता. ते संस्थानच्या रिसाल्यातून दफेदार म्हणून निवृत्त झाले होते. आमची सारीच घराणी जुन्या मराठा घोडदळाची. पूर्वज केव्हातरी तलवारी घेऊन या मुलखात आले आणि येथेच चाकरीस राहिले. माझ्या तरुणपणी त्यांचे नातू पोस्टमन, कंपाउंडर, कारकून आणि शिक्षक झाले होते. तलवारी कोठे गेल्या हे कोणी सांगत नसे. परंतु चारजण मिळून रस्त्याने निघाले की आजोबा ज्या क्रमाने रिसाल्यात उभे असत त्याच क्रमाने नातू चालत. तिशीचा कंपाउंडर पुढे आणि साठीचे पोस्टमास्तर त्याच्यामागे, कारण कंपाउंडरचा आजोबा पोस्टमास्तरांच्या आजोबांच्या पुढे असे. लग्न असो वा स्मशान, या क्रमात फरक झालेला मी पाहिला नाही.

मी त्या वेळी एका इंग्रजी शाळेत दुय्यम शिक्षक होतो. मोहल्ल्यात इंग्रजी कोश फक्त माझ्याकडे होता. एकदा काकांनी मला बोलावून प्रोसेशनचा अर्थ विचारला. मी कोश उघडून भाषांतर करून सांगितले की अनेकांनी क्रमाने व गांभीर्याने पुढे जाणे, याला प्रोसेशन म्हणतात.

"अनेक म्हणजे किती?" काकांनी विचारले.

"ते लिहिलेले नाही."

"दोन प्रोसेशनं एका रस्त्यावर आली तर पुढं कोण?"

"तेही लिहिलेले नाही."

"मग लिहिणारा सिव्हिलियन असणार," असे म्हणून त्यांनी कोश मिटला आणि माझ्या हाती परत दिला.

त्यांची स्वतःची व्याख्या अशी होती. पुढे हुकूम देणारा असेल तर ते प्रोसेशन. नसेल तर ती गर्दी. प्रोसेशन पुढे जाते, मागे वळत नाही, कारण मागे वळले की शेवटचा पहिला होतो आणि सर्वांच्या आजोबांचा अपमान होतो. आणि दोन प्रोसेशने एका दिशेने जाताना एका रस्त्यावर आली तर धाकट्याने थोरल्याच्या मागे लागायचे. एकदा लागले की वरिष्ठाचा हुकूम झाल्याखेरीज बाजूला व्हायचे नाही. हे नियम काकांनी कोठून आणले हे मला ठाऊक नाही. परंतु आमच्या मोहल्ल्यात ते कोणी मोडीत नसे. माझे वडील तर काकांसमोर छत्रीही उघडीत नसत.

माझे लग्न ठरले ते बन्नीमंटपाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील एका घरात. घराणे आमच्यासारखेच लष्करी, किंबहुना एक पायरी वरचे. मुलीचे आजोबा निवृत्त रिसालदार होते. त्यांचे पाय संधिवाताने गेले होते आणि ते सोप्यात आरामखुर्चीवर बसून असत. मुलगी कानडी शाळेत शिकलेली होती. मी तिला एकदाच पाहिले होते, तेही तिने पोह्यांची बशी ठेवताना माझ्या पायांतील मोज्यांकडे पाहिले तेवढ्यापुरते. डाव्या मोज्याला भोक होते.

मुलीला वडील नव्हते, आणि मामांना हे स्थळ पसंत नव्हते. त्यांनी पिरियापट्टणच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा योजला होता. शिक्षकाच्या घरी पुस्तके असतात आणि पुस्तकांना वाळवी लागते, असे त्यांचे म्हणणे. तरी लग्न ठरले. मामांनी त्या मुलाला पाहुणा म्हणून लग्नाला बोलावले. पाहुणा हा पाहुणाच.

मुहूर्त गोरजाचा होता, म्हणजे गुरे घरी येताना धूळ उडते ती वेळ. सूर्य बुडण्यापूर्वी अंतरपाट दूर झाला पाहिजे, असे मुलीकडच्या भटजींनी बजावून सांगितले होते. चातुर्मासापूर्वीचा तो शेवटचा मुहूर्त. तो चुकला तर पुढची गोष्ट कार्तिकात, आणि तोपर्यंत मामा स्वस्थ बसणार नव्हते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

दुपार कलल्यावर आम्ही निघालो. मी एका जटकेवाल्याच्या, म्हणजे टांगेवाल्याच्या, पांढऱ्या घोडीवर होतो. डोक्याला बाशिंग. पुढे वालग, म्हणजे नागस्वर आणि डोलू वाजवणारे कानडी वाजंत्री. त्यांच्यामागे काका, जुना लष्करी कोट अंगात घालून. मग आजोबांच्या क्रमाने आमचे कंपाउंडर, पोस्टमास्तर व इतर. मग मी. स्त्रिया आधीच गाड्यांतून पुढे गेल्या होत्या. ही त्या दिवसाची एकमेव सुरक्षित व्यवस्था ठरली.

हमरस्त्याला लागलो तोच डावीकडून रिसाला आला. महाराजांची वर्धंती, म्हणजे वाढदिवस, जवळ आली होती आणि तिच्या स्वारीची तालीम चालली होती. घोडेस्वार, बँड, दोन झूल नसलेले हत्ती, असा सर्व सरंजाम बन्नीमंटपाच्या मैदानाकडे निघाला होता. काकांनी हात वर केला. आमचे प्रोसेशन थांबले. शेवटचा स्वार आमच्यासमोरून पुढे गेला. कोणीही दुसरा मनुष्य या वेळी थोडे थांबून, अंतर ठेवून, आपल्या वाटेने गेला असता. काकांनी मात्र टाच जुळवली आणि हुकूम दिला. आम्ही रिसाल्याच्या शेपटाला लागलो.

प्रथम मला त्यात काही वावगे वाटले नाही. रस्ता एकच होता. रिसाल्याचा बँड उत्तम वाजत होता. आमच्या नागस्वरवाल्याने पहिल्या फर्लांगात त्याच्याशी स्पर्धा केली, दुसऱ्यात त्याला शरण गेला आणि तिसऱ्यात त्याचीच चाल आपल्या नागस्वरावर वाजवू लागला. कंपाउंडरची पावले हत्तींच्या लयीत पडू लागली. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे राहिले. संस्थानच्या स्वारीत या वर्षापासून एक नवरदेवही असतो, अशी काहींची समजूत झाली असावी. कारण एका म्हाताऱ्याने मला वाकून नमस्कार केला. शेवटच्या स्वाराने एकदा मागे वळून पाहिले. त्याने चेहरा तत्काळ सरळ केला आणि पुढे पाहू लागला. त्याचे खांदे मात्र बराच वेळ हलत होते.

मग मुलीचे घर आले.

दारात मांडव होता. सासूबाई पंचारतीचे तबक घेऊन उभ्या होत्या. शेजारी पाण्याची तांब्याची कळशी. मुलीचा धाकटा भाऊ घोडीचा लगाम धरण्यासाठी रस्त्यात एक पाऊल पुढे आला होता. आमच्या स्वतःच्या स्त्रियाही तेथेच, नटून, हसतमुख. रिसाला थांबला नाही. म्हणून काका थांबले नाहीत. म्हणून कोणीच थांबले नाही.

मी घोडीला टाच मारून पाहिली. तिने आयुष्यभर दुसऱ्या गाडीच्या मागे जाणे हाच धंदा केला होता. ती हत्तींच्या मागे निघाली ती निघाली. मी खाली उतरू शकलो असतो, असे पुढे अनेकांनी मला सुचविले. बाशिंग बांधलेला मनुष्य भररस्त्यात चालत्या घोडीवरून उडी मारून सासरच्या दाराकडे धावत जातो, ही कल्पना सुचविणाऱ्यांनी स्वतः कधी अमलात आणलेली नव्हती. मी समोर पाहत राहिलो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला पंचारती दिसली. ती माझ्याबरोबर थोडी वळली आणि मग थांबली.

मी मागे न पाहता काकांना हाक मारली. ते म्हणाले, "रांगेत बोलू नकोस."

यानंतर त्या घरात जे घडले ते मला पत्नीकडून कळले. तिने ते पुष्कळदा सांगितले. प्रत्येक वेळी मामा थोडे अधिक दुष्ट आणि मी थोडा अधिक बावळट होत गेलो. पण मुख्य प्रसंगात तिने कधी बदल केला नाही.

सासूबाईंनी तबक खाली घेतले. मग मामा म्हणाले, "आयतु. नवरा गेला." आयतु म्हणजे झाले, संपले. आमच्याकडे वाईट बातमी कानडीत सांगण्याची पद्धत आहे. ती कमी लागते. माझी आई म्हणाली की येतील, वळसा घालून येतील. मामांनी विचारले, कोठून? पुढे मैदान आहे आणि त्याच्यापुढे शेते. मग ते मांडवात गेले आणि भटजींना सूर्याकडे बोट दाखवून काही बोलले. मुहूर्त वाया घालवणे हा लक्ष्मीचा अपमान, असे त्यांचे म्हणणे होते. अक्षता तयार, जेवण तयार, नवरी तयार. घरात एक सत्पात्र मुलगा धुतलेले धोतर नेसून बसला आहे. पिरियापट्टणचा तो मुलगा हे ऐकून धोतराच्या निऱ्या सारख्या करू लागला, असे पत्नी सांगे. मी त्याला पुढे भेटलो आहे. तो सभ्य गृहस्थ होता. निऱ्या त्याने सवयीनेही सारख्या केल्या असतील.

सासूबाई रडू लागल्या नाहीत. परंतु त्यांनी मामांना नाहीही म्हटले नाही. त्या भावाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि ही गोष्ट अधिक गंभीर होती.

मुलगी आतल्या खोलीत गौरीहराशी बसली होती. मुहूर्त होईपर्यंत तेथून उठायचे नाही, अक्षता वाहायच्या आणि दारी येणाऱ्याला आयुष्य मागायचे, अशी रीत आहे. येणारा तर दारावरून पुढे गेला होता. खोलीचे दार सोप्यात उघडत होते, त्यातून तिला रस्ता दिसे, आणि दाराशीच तिच्या आजोबांची खुर्ची होती. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येई, म्हणून त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. बँड वाजला एवढे त्यांना कळले होते व ते खूश होते.

तिने अक्षता वाहणे न थांबवता हाक मारली. "अज्जा, आत्ता दारावरून कोण गेलं पाहिलंत?"

"रिसाला गेला."

"रिसाल्यामागं?"

म्हाताऱ्यांनी पाहिले नव्हते.

"लष्कर मोहल्ल्याचे दफेदार. सगळी मंडळी घेऊन. मान ताठ, नजर समोर. तुम्ही इथं बसलेले, पण तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी." तिने आणखी चार तांदूळ गौरीवर टाकले. "तुम्ही रिसालदार होतात नव्हे? की मी लहान होते म्हणून मला तसं सांगितलं होतं?"

रिसालदारांनी खात्रीसाठी विचारले, सलाम केला नाही? ती म्हणाली, नाही. हे सत्य होते. काकांनी खरोखरच सलाम केला नव्हता, कारण प्रोसेशनच्या शेपटाला असलेल्याने स्वतःच्या मनाने सलाम करायचा नसतो. परंतु हा बारकावा तिने आजोबांना सांगितला नाही.

मागील दारी आचारी आणि त्याचे तीन गडी भात उतरवीत होते. रिसालदारांनी त्यांना बोलावले आणि खुर्ची उचलायला सांगितले. आचारी म्हणाला की भात करपेल. रिसालदार म्हणाले की करपू दे. कित्येक वर्षांत त्या घरातून न हललेली ती खुर्ची चार उघड्या, घामट खांद्यांवर चढली आणि मागच्या गल्लीतून मैदानाकडे निघाली. गल्ली जवळची होती. हत्ती सावकाश चालत होते.

मैदानाच्या अलीकडच्या वळणावर मी ती खुर्ची प्रथम पाहिली. रिसाल्याचा शेवटचा स्वार पुढे गेला आणि त्याच्यात व आमच्यात एक खुर्ची आली. खाली आचारी व त्याचे तीन गडी, त्यांपैकी एकाच्या हातात अजून झारा. वर पांढऱ्या मिशांचा मनुष्य. त्याने आवाज चढवला नाही.

"दफेदार."

काकांच्या टाचा जुळल्या. आम्ही सर्व एकमेकांवर आदळून थांबलो. वालग थांबले. घोडीही थांबली, तिच्यापुढे आता काही चालत नव्हते.

"कुठं चाललास?"

"रिसाल्यामागं, साहेब."

"कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. रिसाला थोरला, आम्ही धाकटे. मागं लागलो."

"आणि हा डोक्याला बाशिंग बांधून कोण चाललाय? हाही रिसाल्यात भरती?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी तेथे होतो हे त्यांना त्या क्षणी नव्याने कळले, असे मला वाटते. ते म्हणाले, "पुतण्या आहे, साहेब. त्याचं लग्न आहे."

"कुणाशी?"

कंपाउंडर खोकला.

"माझ्या नातीशी," रिसालदार म्हणाले. "पण ते राहू दे. लग्न काय, आज नाही तर कार्तिकात होईल, तंबाखूवाल्याशी होईल. मी त्यासाठी आलेलो नाही. तू माझ्या दारावरून सलाम न करता गेलास."

मी काकांना अनेक प्रसंगांत पाहिले आहे. प्लेगात त्यांची दोन मुले गेली तेव्हाही पाहिले. त्यांचा चेहरा बदलत नसे. त्या वळणावर तो बदलला. त्यांनी सांगितले की थोरले प्रोसेशन पुढे असता स्वतंत्र सलाम करता येत नाही. रिसालदार म्हणाले की तो नियम त्यांना ठाऊक आहे. परंतु थोरल्या प्रोसेशनने तुला कधी आपला म्हटले होते काय? शेवटच्या स्वाराने तुला हाक मारली होती? मग तू त्यांचा नव्हेस. तू एका म्हाताऱ्याला न ओळखता दारावरून गेलेला इसम आहेस.

काकांनी टाचा पुन्हा जुळवल्या. सूर्य मैदानापलीकडच्या झाडांच्या शेंड्यांना लागला होता. मला मात्र एक उत्तर सुचले होते, ते असे की आता बोलणे पुरे. मी ते मनात ठेवले. रांगेत बोलायचे नव्हते.

"शिक्षा सांगावी, साहेब," काका म्हणाले.

"सगळ्यांना परत घेऊन जा आणि दारावरून सलाम करत ने. वालग वाजवत."

येथे आणखी एक अडचण उभी राहिली. परत जायचे तर वळले पाहिजे, आणि वळले की शेवटचा पहिला. काकांनी हे रिसालदारांच्या कानावर घातले. पोस्टमास्तर, जे वळल्यास कंपाउंडरच्या पुढे गेले असते, म्हणाले की वेळ थोडा आहे, या एका प्रसंगी वळायला हरकत नसावी. कंपाउंडर म्हणाला की आजोबांना हरकत असती. रिसालदारांनी दोघांकडे पाहिले आणि काकांना सांगितले की मैदानाच्या टोकाला गोल फिरव. मी रिसाला फिरवला आहे, तुला वीस माणसे फिरवता येत नाहीत?

आम्ही गोल फिरलो. त्या दिवशी मैदानावर दोन तालमी झाल्या. एक संस्थानची. दुसरी अशी की नागस्वर, कोट, कंपाउंडर, पोस्टमास्तर, घोडी आणि मी यांनी, क्रम न सोडता, एका आंब्याच्या झाडाला प्रदक्षिणा घातली. रिसाल्यातील काही मंडळी घोडे थांबवून पाहत होती. मग आम्ही परत निघालो. काकांनी चाल दुप्पट केली. वाजंत्र्यांनी दुप्पट चालीवर वाजवण्याचा प्रयत्न केला आणि मग केवळ धावले. घोडीला मागून खुर्ची येत असल्याचे दिसले आणि तिने मान खाली घालून वेग धरला. इतक्या वर्षांनंतरही मला तिच्याविषयी आदर आहे.

पुन्हा घर आले. काकांनी हुकूम दिला. वीस मस्तके एकदम उजवीकडे वळली, वीस हात कपाळाला गेले. सोप्यात त्या वेळी खुर्चीही नव्हती आणि रिसालदारही नव्हते. ते अजून गल्लीत होते. आमचा सलाम पिरियापट्टणच्या पाहुण्याने घेतला. तो बिचारा उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

आणि आम्ही पुढे निघालो.

यात काकांची चूक नव्हती. हुकूम दारावरून सलाम करत जाण्याचा होता. थांबण्याचा नव्हता. हुकूम देणारा मागे राहिला होता. परंतु सासूबाईंनी एकदा जे पाहिले ते दुसऱ्यांदा पाहण्याची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी दाराच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध, पाण्याची बैलगाडी आडवी लावून ठेवली होती. बैल सोडलेले. चाकाला दगड. गाडीवर चढून स्वतः माझी होणारी मेहुणी बसलेली.

काकांनी गाडीकडे पाहिले. घोडदळाला अडथळा आला तर काय करायचे हे त्यांना चांगले ठाऊक होते. मला भीती वाटली की ते उडीचा हुकूम देतील. मग ते म्हणाले, "हॉल्ट."

त्याच क्षणी लगामाला मुलीच्या भावाने असा हात घातला की घोडी दोन पावले मागे सरली. मला उतरवले असे म्हणता येणार नाही. मला काढले. पंचारती माझ्या तोंडाभोवती फिरली, इतक्या घाईने की बाशिंगाच्या एका मोत्याला वात लागली व ती मामांनी विझवली. मामांचे एवढे उपकार मी मानतो.

अंतरपाट धरला गेला. सूर्य होता की नव्हता यावर दोन्हीकडच्या भटजींत मतभेद झाला. आमचे म्हणाले आहे, त्यांचे म्हणाले गेला. सासूबाईंनी पश्चिमेकडे पाठ करून सांगितले की आहे, मला दिसतो आहे. मंगलाष्टके झाली. अंतरपाट दूर झाला. समोर ती उभी होती. डोळ्यांत पाणी असावे अशी अपेक्षा असते. तिने खालचा ओठ दातांत धरला होता, आणि मला शिक्षकी अनुभवाने माहीत होते की हसू दाबणारे मूल असेच उभे राहते. पाहुण्याने दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या. भात खाली लागला होता. कोणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघायची होती. या वेळी घोडी नव्हती. उघडी गाडी होती आणि तीत आम्ही दोघे. काका पुढे उभे होते. त्यांनी मला येऊन सांगितले की जवळच्या रस्त्याने, गाजावाजा न करता, सरळ मोहल्ल्यात नेतो. मी मान हलवली. आवाजात त्यांच्या थकवा होता, आणि मला त्यांच्याविषयी काही वाटले. ते काय हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

गाडी हलणार तोच माझ्या शेजारून आवाज आला. ती माझ्याशी बोललेली पहिली वाक्ये मी येथे जशीच्या तशी देतो.

"जवळच्या नको. मैदानावरून घ्यायला सांगा."

मी विचारले, का?

"काल सगळ्या मैसुरात तुम्ही एकटेच मिरवून आलात. नवरी कोण, ते कुणी बघितलंच नाही."

मी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. मी गाडीतून वाकून काकांना सांगितले की वरात बन्नीमंटपाच्या मैदानावरून न्यायची आहे. माझ्या माहितीत काकांना घरातील कोणी दिलेला तो पहिला हुकूम. ते सावकाश वळले.

"कुणाचा हुकूम?"

मी डोळ्यांनी शेजारी खूण केली. "रिसालदारांच्या नातीचा."

काकांनी तिच्याकडे पाहिले. ती पदर सावरून, मान ताठ आणि नजर समोर ठेवून बसली होती. त्यांनी कोटाचे वरचे बटण लावले, टाचा जुळवल्या, तिला सलाम केला आणि वाजंत्र्यांना मैदानाकडे वळवले.